गप्पीभाऊंचा हौद

प्रिय उनू,

तू सहावीत होतीस तेव्हाची एक संध्याकाळ आठवते का बघ. मागल्या दाराच्या पायरीवर बसून आपण दोघी मोड आलेले वाल सोलत होतो. तुझ्या मांडीवर इंग्रजी निबंधाची वही होती आणि विषय होता 'माय फादर'. एक वाल सोलायचा आणि एक वाक्य वाचून दाखवायचं, असं तुझं चाललं होतं. त्या नादात टरफलं वाटीत आणि वाल केराच्या सुपात जात होते. वाचता वाचता तू म्हणालीस, 'माय फादर गिव्ह्ज बर्थ टू फिश.' मी इतकी हसले की मांडीवरचं ताट कलंडलं. तू रुसलीस. तुझे बाबा हौदाशी उभे होते. ते मान न वळवताच म्हणाले, 'बरोबर लिवलंय तिनं. खोडू नको.' मी खोडलं नाही. शाळेत बाईंनी खोडलं असेल.

त्या दिवसापासून तुझं सगळं इंग्रजी माझ्या हाताखालून गेलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी चुकीच्या स्पेलिंगसाठी आमची बोटं पट्टीने लाल केली होती, त्याचा एवढा तरी उपयोग झाला. तुझे निबंध, अर्ज, पुढे पीएचडीचा पहिला चॅप्टर आणि दुसरा. त्यातली अर्धी नावं मला उच्चारताही यायची नाहीत, पण स्वल्पविराम कुठे हवा ते कळायचं. तिसरा संक्रांतीच्या सुमाराला येणार होता. आता वैशाख संपत आला.

इकडचं सगळं बरं आहे. वहाळाच्या सफाईचं काम वरच्या पुलापासून आपल्या कुंपणापर्यंत येऊन ठेपलं. जलपर्णीचे ढीग उपसून नेले, गाळ काढला, काठाला करंज आणि भोकराची रोपं लावली. लाडकी आणि तिच्या पाड्यावरच्या बायका सकाळ-संध्याकाळ रोपांना पाणी घालायला येतात. आपल्या पडवीत बसून चहा पितात आणि सगळ्या गावाच्या चौकशा करून जातात. शेजारची इंदुबाई परवा काठावर उभी राहून म्हणाली, 'येवढी वरसं झाली, ह्या वहाळाला तळ हाय ते मला म्हाईतच नव्हतं.' खरंच दगड दिसतात आता. वरच्या डोहात ते कपाळावर चांदीचा ठिपका असलेले मासे परत आलेत, तू लहानपणी ज्यांना टिकलीचे मासे म्हणायचीस ते. आता तुला त्यांचं मोठं लॅटिन नाव पाठ आहे. मला टिकलीच बरं वाटतं.

ही बातमी तू फोनवर माझ्याकडून ऐकून घेतलीस, पण आनंदाने ओरडली नाहीस. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्या वहाळातले परके मासे आणि परक्या वनस्पती मोजण्यात तू इतकी वर्षं घातलीस, तो सुधारला आणि तुझा आवाज उतरलेला. घरी येईनाशी झालीस. सफाळ्यापर्यंत यायचीस, वरच्या बाजूचे नमुने घ्यायचीस आणि घाईचं कारण सांगून तशीच परत जायचीस. चॅप्टरचं विचारलं की 'आई, नंतर बोलते.' मी काय काय मनात आणलं ते आता सांगायला हरकत नाही. आधी वाटलं, कुणी मुलगा असेल आणि सांगायला भीत असशील. मग वाटलं, गाईडशी बिनसलं. मग एक दिवस टीव्हीवर कुठल्याशा आजाराची लक्षणं सांगत होते, ती सगळीच्या सगळी मला तुझ्यात दिसली. तुझ्या हॉस्टेलच्या मावशींना मी फोन केला होता. त्या म्हणाल्या, 'जेवते व्यवस्थित, पण बोलत नाही.' ते ऐकून तर मला जास्तच भीती वाटली. तू न बोलता जेवणारी मुलगी नाहीस.

मागच्या आठवड्यात तुझ्याबरोबर काम करणारा मेहुल आला. बोईसरहून मोटरसायकलवर, पाठीवर जाळं आणि बाटल्यांची पेटी. कुंपणाच्या खालच्या अंगाला उतरून त्याने नमुने घेतले. मी हाक मारली तर म्हणाला, 'नको काकू, उशीर होतो.' त्या मुलाने आपल्या घरी खायला नाही म्हणावं म्हणजे काहीतरी नक्की होतं. मी ताडगोळे आणून ठेवले होते. पडवीत बसवलं आणि सोलून एकेक त्याच्या हातात देत गेले. हौदाकडे त्याने पाठ केली होती. मी विचारलं, 'उनूचं काय चाललंय?' तो म्हणाला, 'काकू, मला काही विचारू नका, मला खोटं बोलता येत नाही.' मी म्हटलं, 'मग खरं बोल, तेवढाच तुझा त्रास वाचेल.' त्याने आणखी एक ताडगोळा खाल्ला. मग त्याने तुझा शब्द मोडला. त्याच्यावर रागावू नकोस. खोटं बोलू न शकणाऱ्या माणसाला तू नको ते सांगितलंस, ही चूक तुझीच.

त्याने सांगितलं ते असं. वरच्या अंगाला टिकली परत आली, पण आपल्या कुंपणाच्या खाली नाही. तिथे नुसते गप्पी मासे. तुम्ही दोघांनी जाळी लावून ते उपसले, दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा उपसले, आणि प्रत्येक वेळी पाऊस ओसरला की ते परत भरलेले. तू उगम शोधत काठाकाठाने वर आलीस आणि आपल्याच हौदाच्या जादा पाण्याच्या नळीशी येऊन थांबलीस. तिथून पुढे तुझा चॅप्टर सरकलेला नाही. गाईड म्हणतात, उगम बंद करून एक पावसाळा बघितल्याशिवाय अभ्यास पुरा होत नाही, आणि तुझ्या मुदतीत पावसाळा उरलाय हा एकच. यंदाही हौद वाहिला तर इतक्या वर्षांची मेहनत अर्धवट राहणार. हे सगळं माहीत असून तू त्याला म्हणालीस, 'आईला मी सांगणार नाही. ती त्यांना रोज भरवते.' आणि चॅप्टरमध्ये 'उगम सापडला नाही' असं लिहून मोकळं व्हायचं ठरवलंस.

उनू, मी हसले. मेहुल घाबरून माझ्याकडे बघत राहिला. त्याला काय माहीत, मी चार महिने कसले कसले आजार उशाशी घेऊन झोपत होते. मासेच ना, एवढंच ना, असं मी त्याला दोनदा विचारलं. तो म्हणाला, 'हो काकू, मासेच.' मग त्याने मला समजावून सांगितलं की गप्पींसारख्या डासांच्या अळ्या टिकलीसुद्धा खाते, आधीपासून खात होती, आणि गप्पी तिची अंडी आणि पिल्लं खातात. मी म्हटलं, म्हणजे आमच्या ह्यांनी स्वतःच्याच हिवताप खात्यातला माणूस हाकलून लावला की. त्यावर तो हसला आणि उरलेले ताडगोळे त्याने न विचारता संपवले.

तो गेल्यावर मात्र मी हौदाच्या कठड्यावर बसून राहिले. तुला ते वर्ष आठवायचं नाही, तू फार लहान होतीस. वाडीत घरटी एक माणूस तापाने पडलेला होता. तुझे बाबा हिवताप खात्यातले. दिवसभर लोकांच्या बोटांतून रक्त काढून काचपट्ट्या भरायचे, भिंतीवर फवारणीची तारीख लिहायचे, आणि घरी येऊन तुझ्या कपाळाला हात लावून बघायचे. तुलाही ताप आला होता. तू वाचलीस. खालच्या आळीतली दोन मुलं गेली, आणि त्यांच्या काचपट्ट्याही ह्यांनीच घेतलेल्या. तू हिंडू-फिरू लागल्यावर त्यांनी मागल्या दारी स्वतःच्या हाताने हा हौद बांधला. खात्याकडून बंद टाक्यांत आणि विहिरींत सोडायला मासे मिळायचे, ते त्यांना पुरेसे वाटेनात, म्हणून घरीच वाढवायला लागले. किटलीत भरून सायकलवरून माकुणसारपासून केळव्यापर्यंत वाटत हिंडायचे. लोक त्यांना गप्पीभाऊ म्हणायला लागले ते तेव्हापासून. जादा पाण्याची नळी वहाळाकडे त्यांनीच काढली. मी म्हटलं होतं, मासे वाहून जातील. तर म्हणाले, 'जातील चार वहाळात, तेवढेच डास कमी.' त्यात त्यांना आनंदच होता. बायकोने आणि मुलीने मच्छरदाणीशिवाय झोपावं एवढीच त्यांची आकांक्षा होती, आणि शेवटची काही वर्षं आपण तशा झोपलोही.

ते गेल्यावर हौद माझ्याकडे आला. कुणी सोपवला नाही, आपोआप आला. सकाळी कणकेच्या गोळ्या, संध्याकाळी भाताची शितं. माझी सावली पाण्यावर पडली की सगळे वर यायचे. पितृपक्षात मी कावळ्याच्या आधी हौदात घास टाकायचे, हे इंदुबाईला माहीत आहे, तुलाही माहीत असावं. नाशिकला सुधामावशीने किती वेळा बोलावलं. तुझ्या हॉस्टेलवर येऊन राहीन म्हणायचे. दर वेळी माझं उत्तर ठरलेलं, मासे आहेत ना. आजूबाजूच्यांना वाटायचं, केवढी ही माया. माया होतीच. पण परवा त्या कठड्यावर बसल्यावर लक्षात आलं की मी दमलेय. एका वर्षी उन्हाळ्यात हौदाचं पाणी खूप खाली गेलं होतं आणि मला वाटून गेलं होतं, आटला तर आटू दे. मग लगेच घाबरून मी विहिरीवरून कळश्या आणून ओतल्या होत्या.

मेहुलला मी दुसऱ्याच दिवशी परत बोलावलं. म्हटलं, ये, हौद रिकामा करायचाय, आणि उनूला यातलं अक्षर कळता कामा नये. त्याचा चेहरा एवढा पडला की मला दया आली. तरी आला. लाडकीला हाताशी घेतलं. हौदाच्या बुडाच्या नळीत ह्यांनी कपड्याचा आणि सिमेंटचा कसला बोळा ठोकला होता तो निघेना, म्हणून महादूभाऊंना निरोप पाठवला. ह्यांच्याबरोबर फवारणीचा पंप पाठीवर घेऊन अख्खा तालुका पालथा घातलेला माणूस. ते आले, काय चाललंय ते बघितलं, आणि अंगणातच उभे राहिले. म्हणाले, 'वैनी, भाऊचं नाव बुडवताय तुमी.' मेहुल काहीतरी समजावायला गेला तर त्याच्यावर उखडले. 'पोरं तापानं मरत व्हती तवा तुमच्या इद्यापीठातनं कोन आला व्हता? ह्ये मासे व्हते म्हणून तुमी आज ह्या वहाळात उभे हाव.' लाडकी हातातली बादली ठेवून माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, आता इथेच सगळं थांबणार.

मी म्हटलं, महादूभाऊ, तुमच्या भाऊंचं काम डास मारायचं होतं, मासे पाळायचं नव्हतं. आता फवारणी आहे, औषध आहे, दवाखाना जवळ आला, वहाळाचं पाणी वाहतं झालंय. आज ते स्वतः असते आणि लेकीने येऊन सांगितलं असतं की बाबा, तुमच्या माशांनी दुसऱ्यांची पिल्लं खाल्ली, तर त्यांनी काय केलं असतं? महादूभाऊंनी हौदाला एक फेरी मारली. मग म्हणाले, 'आदी तिच्याशी भांडला असता. दोन दिस जेवला नसता.' मी म्हटलं, आणि तिसऱ्या दिवशी? तर म्हणाले, 'तिसऱ्या दिशी मला हाक मारली असती, बोळा काडायला.' आणि धोतर खोचून ते नळीशी बसले. बसता बसता मला टोमणा मारायचा तो मारलाच. 'पन आता भाऊचा घास कुटं ठेवशाल?' मी म्हटलं, सगळ्यांचे नवरे जिथे जेवायला येतात तिथे, पत्र्यावर, कावळ्याला. लाडकी इतकी खिदळली की तिच्या हातचं जाळं पाण्यात पडलं.

नळीतून मासे वहाळात जाऊ नयेत म्हणून मेहुलने तिच्या तोंडाला बारीक कापड बांधलं. पाणी बागेकडे वळवलं. मासे जाळ्याने काढून बादलीत घेतले आणि त्यात त्याने लवंगेचं तेल टाकलं. म्हणाला, 'काकू, ते झोपतात आणि मग उठत नाहीत.' सगळ्या मागल्या दारी दातदुखीचा वास सुटला होता. मी बघू शकेन की नाही याची मला खात्री नव्हती, पण बघितलं. लाडकी बादलीत वाकून म्हणाली, 'येवडं मासं, आन कालवन वाटीभर पन नाय व्हनार.' इंदुबाई कुंपणावरून विचारत होती, 'चार दे ना गो, नातवाला बरनीत ठेवायला.' तिला नाही म्हणताना जड गेलं. आजवर गप्पीभाऊंच्या घरातून मासे मागणारा कुणी रिकाम्या हाताने गेला नव्हता. पण तुम्ही लोक म्हणता तसं, चार म्हणजेच चारशे. सगळे मासे नारळाच्या आळ्यांत पुरले. हौदाला चुना मारून उन्हात सुकत ठेवलाय. जादा पाण्याची नळी महादूभाऊंनी सिमेंटने कायमची बुजवली आणि जाताना कठड्यावर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले. मी आत निघून गेले, त्यांना उभं राहू दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने कणीक हातात घेऊन मागल्या दारी गेले. मग तिची एक पोळी लाटली आणि खाल्ली.

खूप रडेन असं वाटलं होतं. थोडं रडले, पण डोक्यावरचा हंडा कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं हलकं वाटतंय. नाशिकला सुधाला कळवलंय, जूनमध्ये येतेय. त्याआधी तुझ्याकडे यायचंय, तुमच्या हॉस्टेलमध्ये पाहुण्यांना किती दिवस राहू देतात ते विचारून ठेव.

आता हे सगळं फोनवर न सांगता कागदावर का लिहिलं ते सांगते. मेहुल त्या दिवशी पेटी बांधताना अडखळत म्हणाला की खासगी जागेचं आणि माणसाचं नाव प्रबंधात छापायचं तर घरमालकाची लेखी संमती लागते, आणि तू ती माझ्याकडे मरेपर्यंत मागणार नाहीस. तर ही घे. मी, कुमुद मोरेश्वर, राहणार माकुणसार, माझ्या घरचा हौद हा वहाळातल्या गप्पी माशांचा उगम होता हे छापायला संमती देते, आणि तो आता रिकामा केला आहे. 'उगम सापडला नाही' हे वाक्य खोड. तुझ्या बाबांचं नाव आभाराच्या पानावर नको, तिथे सगळ्यांच्याच बाबांचं असतं. तिसऱ्या चॅप्टरमध्ये घाल, पूर्ण नाव, आणि हौद का बांधला ते कारण त्याच वाक्यात घाल, पुढच्या वाक्यात नको. चॅप्टर मला लगेच पाठव, स्पेलिंग मी बघते. प्रबंध बांधून झाला की पहिली प्रत तुझ्या गाईडना, दुसरी मेहुलला, कारण निम्मा चिखल त्याने तुडवलाय. लाडकीला पुस्तक नको, तिला वरच्या डोहाचा मोठा फोटो हवाय, ज्यात पाण्यातले दगड दिसतात तो, चौकटीत बसवून दे. इंदुबाईच्या नातवाला बरणीत ठेवता येईल अशी काहीतरी निरुपद्रवी वस्तू बाजारातून आण, मी कबूल केलंय. बाबांची सायकल मेहुलने मागितली तर देऊ नकोस, ती महादूभाऊंना द्यायची आहे, पण त्यांना आत्ता सांगू नकोस, नाही म्हणतील. आणि प्रबंधाची एक प्रत त्यांनाही दे. त्यांना इंग्रजी येत नाही. बाबांचं नाव ज्या पानावर असेल तिथे दोरा घालून दे, आणि तू स्वतः शेजारी बसून ते वाक्य मराठीत वाचून दाखव.

चॅप्टरची वाट बघणारी,
तुझीच
आई